एका अर्जाखाली दोन पक्ष

क्वालालंपूर,
२३ जुलै २०२४

परेशदादा,

अक्षर ओळखलं असशीलच. फाडायला जाऊ नकोस, कारण तुझ्यासमोर आहे तो कागद नव्हे, कागदाचा फोटो आहे आणि तो वहिनीच्या मोबाइलवर आहे. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून हॉटेलच्या खोलीत खिडकीजवळ बसून हाताने लिहिते आहे. बोलणं तू अर्ध्यात तोडतोस. लिहिलेलं मात्र शेवटपर्यंत वाचतोस.

आधीच सांगते, मी समेटासाठी लिहीत नाही. जिल्हा पंचायतीच्या निवडणुकीत मी आपल्याच शिरगावात घरोघर फिरून तुझ्याविरुद्ध प्रचार केला. माझ्या पक्षाचा उमेदवार मला बरा वाटत होता, आजही वाटतो. तू थोडक्यात पडलास आणि म्हणालास, परत माझ्या घराची पायरी चढू नको. मी चढले नाही. तेव्हापासून गणपतीच्या तीन चवथी मी हळर्णला सासरीच काढल्या. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. हे पत्र साईशबद्दल आहे.

तुझा मुलगा इंडोनेशियात जहाजावर अडकलाय, हे मला कळलं आहे. कोणी सांगितलं ते विचारू नकोस. वहिनीने नाही. वहिनी मला कधीच फोन करत नाही, गेल्या सोमवारी तर अजिबातच केला नाही.

मला कळलं ते असं: जहाज जावा बेटाच्या किनाऱ्यापासून थोडं समुद्रात नांगर टाकून उभं आहे. मालक कंपनीने हात वर केले, आता त्यांच्या ऑफिसात कोणी फोनसुद्धा उचलत नाही. बंदराच्या अधिकाऱ्यांनी जहाज अडवलंय. आणि माणसांशिवाय जहाज नांगरावर सोडता येत नाही असा कायदा असल्यामुळे उरलेल्या पाच खलाशांना खाली उतरू देत नाहीत. मार्चपासून हे चाललंय. गोडं पाणी तिथल्या मासेमारांच्या होड्या आणून देतात. साईशची तब्येत ठीक आहे, असं ऐकते.

तुझ्या पक्षाने दिल्लीला पत्र पाठवलं, ते तिथे कुठेतरी आहे. माझ्या पक्षाने पेपरात छापून आणलं की सरकार झोपा काढतंय. दुसऱ्या दिवशी तुमच्या पक्षाने छापून आणलं की आम्ही खलाशांच्या जिवावर राजकारण करतोय. दोन्ही बातम्या फोटोसकट आल्या. साईश आहे तिथेच आहे.

आता मी इथे काय करते ते. आशियातल्या राजकीय पक्षांची एक परिषद आहे. मंगोलियापासून फिलिपिन्सपर्यंतचे पक्ष आलेत. कोणी सत्तेत, कोणी विरोधात, कोणी इतके मोठे की त्यांच्या मागून सेक्रेटरी फिरतात, कोणी आमच्याएवढे चिमुकले. महिला आघाडीची सरचिटणीस म्हणून आमच्या अध्यक्षांनी मला पाठवलं. येताना वाटलं होतं, भाषणं होतील, शाली मिळतील, एक मोठा फोटो निघेल. ते सगळं आहेच. पण नाश्त्याच्या वेळी मी दुसरंच पाहिलं.

एक बाई आणि एक पुरुष रोज एकाच टेबलावर बसायचे. बाईंचं नाव वुलान. सगळे त्यांना इबू वुलान म्हणतात. इबू म्हणजे आई, पण आपण मानाने कुणालाही बाय म्हणतो तसंच ते. साठीच्या आहेत, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आवाज हेडबाईंचा. पुरुष हर्यादी, पन्नाशीचा, बंदरावरच्या कामगारांच्या संघटनेतून वर आलेला. दोघं इंडोनेशियाची. मला वाटलं, एकाच पक्षाची असणार. विचारलं तर दोघंही हसली.

"आम्ही तीन निवडणुका एकमेकांविरुद्ध लढलोय," वुलान म्हणाल्या. "हा माणूस सभेत माझ्याबद्दल जे बोलतो, ते मी माझ्या नातवंडांच्या कानावर पडू देत नाही."

हर्यादीने त्यांच्या ताटलीत नारळाचा भात वाढला. "आणि ह्या जे बोलतात, ते मी माझ्या आईला ऐकू देत नाही."

"मग एकत्र कसे बसता?" मी विचारलं.

"आमच्या जिल्ह्यात पूर आला आणि पूल वाहून गेला," वुलान म्हणाल्या. "नदीच्या अलीकडे माझा पक्ष, पलीकडे ह्याचा. औषधं माझ्या लोकांकडे होती आणि होड्या ह्याच्या. तेव्हा बोलावंच लागलं. पुढे ती सवय राहिली."

दादा, मी तिथल्या तिथे त्यांना साईशची हकीकत सांगितली. तुला न विचारता. तुझा मुलगा म्हणून नव्हे, माझा भाचा म्हणून.

वुलान सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "माझा पक्ष सत्तेत आहे. मी बंदर खात्याशी बोलू शकते. पण मी आज बोलले आणि उद्या तुमच्या पेपरात 'अमुक पक्षाने करून दाखवलं' असं आलं, तर तुमचा दुसरा पक्ष आमच्या वकिलातीत तक्रार करेल आणि माझेच लोक मला गप्प बसवतील. तुमच्या दोन्ही पक्षांचा एकच अर्ज द्या. खाली मुलाच्या वडिलांची सही हवी. आणि श्रेय कोणीच घ्यायचं नाही."

म्हणून हे पत्र. तुमच्या पक्षाचे जिल्हाध्यक्ष बाबाजी गावस इथेच आहेत, हे तुला ठाऊक असेल. विमानात आमच्या जागा शेजारीशेजारी आल्या. अर्धा प्रवास त्यांनी पेपर उघडून धरला आणि उरलेला अर्धा डोळे मिटून घेतले. उद्या सकाळी मी त्यांच्या टेबलावर जाऊन बसणार आहे. तुझी सही लागेल, तयार राहा.

गौरवी


क्वालालंपूर,
२६ जुलै २०२४

दादा,

तुझा निरोप पोचला. माझ्याकडे नाही, बाबाजी गावसांकडे. त्यांनी तो भर नाश्त्याच्या हॉलमध्ये मला वाचून दाखवला: "तिच्या नावाखाली माझा नाव येवचा नाय."

ठीक आहे. मी अर्जात माझं नाव सगळ्यांत खाली घेतलं आहे. आता तुझं नाव माझ्या डोक्यावर आहे. याहून वर चढायचं असेल तर कागद संपला.

गावसबाबांशी कसं जमलं, ते तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं. त्यांच्या समोरची खुर्ची ओढली तेव्हा ते म्हणाले, "गौरवीबाय, हंय टीव्हीवाले नाय, भांडान कोणाक दाखवतलंस?"

मी म्हटलं, "भांडायला नाही, लिहायला आलेय."

साईशचं नाव काढल्यावर मात्र त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. परेश माझा माणूस, म्हणाले, आणि त्याच्या मुलासाठी आपण काही करू शकत नाही हे त्यांना टोचत होतं. तुला हे कधी सांगायचे नाहीत, म्हणून मी सांगते.

तरी भांडण झालंच. अर्ज लिहायला घेतला तर त्यांना पहिल्याच ओळीत हवं होतं, 'राज्य सरकारच्या अथक प्रयत्नांना पूरक म्हणून'. मला हवं होतं, 'सरकारी पातळीवर दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या'. ते लाल झाले. मीही झाले असेन. आपल्या बोलीत आमचे आवाज इतके चढले की शेजारचे जपानी पाहुणे ताटल्या घेऊन उठले. हर्यादी मात्र येऊन आमच्याजवळ बसला. एकेक वाक्य इंग्रजीत सांगा म्हणाला. आम्ही सांगू लागलो. परक्याला सांगताना गावसबाबांचं 'अथक' त्यांनाच बोलवेना आणि माझं 'दुर्लक्षित' मला. ते गाळलं, मग हे गाळलं. उरली जहाजाची आणि पाच माणसांची नावं, ती कधीपासून तिथे आहेत ते, आणि त्यांच्या घरच्यांची विनंती. अर्धं पानसुद्धा भरलं नाही.

हर्यादी म्हणाला, "हे माझ्या संघटनेत मी मोठ्याने वाचून दाखवू शकेन."

मग त्याने आम्हाला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. फक्त बंदर खात्याची परवानगी मिळून भागणार नाही. खलाशी उतरले की त्यांच्या जागी जहाजावर राखण करायला माणसं हवीत. त्या बंदरात असं काम हर्यादीच्या संघटनेचे कामगारच करतात, आणि संघटना वुलानच्या सरकारवर नाराज आहे. म्हणजे परवानगी वुलानकडे, माणसं हर्यादीकडे. एकट्या वुलानकडे गेलो असतो तर परवानगीचा कागद घेऊन बसलो असतो.

गावसबाबांनी माझ्यासमोर सही केली. म्हणाले, "सही मी करतंय. पण परेशाक समजावचा काम माझा न्हय."

तेवढं काम मी करते. दादा, तुला माझं तोंड बघायचं नाही, नको बघूस. डिचोलीत गावसबाबांच्या ऑफिसात अर्ज ठेवलेला असेल. मी तिथे नसेन. जा, सही कर आणि ये. आणि पक्षातलं कोणी विचारलं, की बहिणीच्या पक्षाबरोबर सही का केलीस, तर सांग की मुलगा माझा आहे. त्यापुढे कोणाला काही बोलता येईल असं वाटत नाही.

आमच्या अध्यक्षांचा पणजीहून फोन आला होता. हवापाण्याचं बोलले.

गौरवी


हळर्ण,
१६ ऑगस्ट २०२४

दादा,

तू सही केलीस. गावसबाब म्हणाले, तू ऑफिसात आलास, खुर्चीवर बसलाससुद्धा नाहीस, उभ्याउभ्या अर्ज दोनदा वाचलास आणि विचारलंस, "हेच्यात पक्षाचा काय नाय?" ते नाही म्हणाले, तशी तू पेन मागितलंस.

आता कुठवर आलंय ते सांगते. तिकडून येणाऱ्या बातम्या तुला अर्ध्यामुर्ध्याच मिळत असणार.

क्वालालंपूरहून आल्यावर पहिला आठवडा सगळं भराभर झालं. वुलान स्वतः बंदर खात्यात जाऊन आल्या. अर्ज तिथल्या भाषेत करून दिला. आपला दोन्ही पक्षांचा अर्ज तिथल्या भारतीय वकिलातीत पोचल्यावर तिथलेही अधिकारी हलले. त्यांनाही कुठल्या तरी एका पक्षाचं काम केल्याचा ठपका नको होता. मग गाडं अडलं. बंदर खातं म्हणे, राखणदारांची नावं द्या, मग परवानगी देतो. संघटना म्हणे, आधी परवानगी दाखवा, मग नावं देतो. मागे कधीतरी असंच झालं होतं आणि कामगार फसले होते. वुलान मला हर्यादीची तक्रार सांगत, हर्यादी गावसबाबांना वुलानची. आठ दिवस यातच गेले.

शेवटी परवा मी हळर्णहून बस बदलत डिचोलीला गेले आणि गावसबाबांना म्हटलं, दोघांना एकाच वेळी फोनवर घ्या. त्यांनी मोबाइल मेजावर मध्ये ठेवला. पलीकडे ती दोघं आपल्या भाषेत सुरू झाली. आम्हाला एक अक्षर कळेना, पण सूर कळत होता. तुझा-माझा सूर लागतो तसाच. थोडा वेळ ऐकून गावसबाब मोठ्याने म्हणाले, "बहिणाबाई, भाऊसाहेब, एकाच दिवशी, एकाच खोलीत बसून दोन्ही कागद द्या की. तुमी दोघांव समोर बसा."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मग वुलान म्हणाल्या, "खोली माझ्या ऑफिसात नको. त्याच्याही नको."

बंदराजवळच्या एका शाळेत बसायचं ठरलं. आज दुपारी निरोप आला: शाळेच्या वर्गात, मुलांच्या बाकावर बसून, एका हाताने नावं दिली आणि दुसऱ्या हाताने परवानगी घेतली. दादा, आता तिकिटांचं आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांचं तेवढं राहिलं. साईश येतोय. हे मी उगाच धीर द्यायला लिहीत नाही. तसं असतं तर वहिनीकडे तोंडी निरोप दिला असता.

आता जे लपवलं होतं ते. साईशला कावीळ झाली होती. जूनमध्ये सुरू झाली. पहिल्या पत्रात 'ठीक आहे असं ऐकते' असं लिहिताना मला ते माहीत होतं. वहिनीनेच सांगू नको म्हटलं होतं, तुझा रक्तदाब तिला ठाऊक आहे. (आता वहिनीवर चिडून उपयोग नाही. तिने फोन केला नसता तर हे काहीच झालं नसतं.) हर्यादीने पहिल्याच आठवड्यात मासेमारांच्या होडीतून जहाजावर डॉक्टर पाठवला. औषधं चालू आहेत, डोळ्यांचा पिवळेपणा गेलाय. काल साईश माझ्याशी बोलला. "आत्या, पपांक सांगू नको, मी खूप बारीक झालंय," म्हणाला. मी सांगून टाकलं. उतरल्यावर तुला धक्का नको.

तू विचारशील, रोज फोनवर बसायला, डिचोलीच्या फेऱ्या मारायला हिला सवड कशी मिळते. सध्या मला सवड आहे.

गौरवी


हळर्ण,
५ सप्टेंबर २०२४

दादा,

काल मोपाच्या विमानतळावर तू मला काहीतरी म्हणालास आणि उत्तर ऐकायला न थांबता गाडीत जाऊन बसलास. ते उत्तर लिहिते. त्याआधी मी पाहिलं ते लिहिते, कारण तुझी पाठ होती त्या बाजूला मी उभी होते.

मी लवकरच पोचले होते. हळर्णहून विमानतळ जवळ, आणि ओंकारने मला स्कूटरवरून सोडलं. (माझा नवरा तुझ्यासमोर यायला अजून कचरतो. त्याने कोणाचाच प्रचार केला नव्हता, हे तू लक्षात घे.) बाहेरच्या खांबामागे उभी राहिले. तुम्ही लोक दोन गाड्यांनी आलात. तू, वहिनी, गावसबाब आणि तुमच्या पक्षाची पोरं. पोरांच्या हातात बॅनर होता. त्यांनी तो उलगडला. पक्षाचं चिन्ह, नेत्यांचे चेहरे, एका कोपऱ्यात साईशचा शाळेतला फोटो आणि खाली 'आमच्या प्रयत्नांना यश'.

श्रेय घ्यायचं नाही असा शब्द आपण दिला होता आणि तिकडे दोन माणसांनी त्या शब्दावर आपापल्या पक्षात रोष ओढवून घेतला होता. मी पुढे व्हायला पाऊल उचललं. पुढे झाले असते तर तिथेच जुंपली असती, हे मला कळत होतं, तरी उचललं.

तेवढ्यात तू वळलास. तो बॅनर पाहिलास. तुझा आवाज मला खांबामागे ऐकू आला.

"गुंडाळा तो आधी. आमी शब्द दिलेलो असा."

एक पोरगा म्हणाला, "पण परेशदादा, वरसून सांगितलेला..."

"माझो झील येता, मंत्री न्हय. गुंडाळा."

गावसबाबांनी मान खाली घातली. वरून त्यांनाही सांगितलं असणार. पण गुंडाळायला पहिला हात त्यांनीच लावला.

मग साईश आला. सांगूनही वहिनीने त्याला ओळखलं नाही. ती त्याच्या मागे बघत राहिली, आपला मुलगा अजून यायचाय अशी. तू ओळखलंस. तू त्याच्या खांद्यावरची बॅग घेतलीस आणि ती कुठे ठेवायची ते तुला सुचेना, उगाच या हातातून त्या हातात करत राहिलास. पुढचं मी बघितलं नाही. डोळ्यांत काही गेलं होतं.

साईशनेच मला शोधून काढलं. वाकला तेव्हा पाठीचे मणके शर्टातून दिसत होते. मी त्याला म्हटलं, पोदेराची सायकल सकाळी दारावर आली की रोज पाव घ्यायचे, अंगावर मांस येईपर्यंत. तो हसला. आणि तू मागे येऊन उभा राहिलास. चार वर्षं होत आली, दादा, तुला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. तुझे केस पांढरे झालेत, मला कोणी सांगितलं नव्हतं.

तू साईशकडे बघत म्हणालास, "माटोळी बांधूक माणसां कमी पडतत. परवा तू काय करतंस?"

आणि गेलास.

उत्तर असं: मी काही करत नाही. उद्या सकाळच्या बसने येते. ओंकारही येतोय. माटोळीला टांगायची फळं माझ्याकडची घेते. आपल्या घरी गणपतीच्या वर टांगलेल्या फळांत कांगलांसारखी रानफळं कमीच असतात, ती आमच्या रानातून आणते.

तुला आणखी एक गोष्ट गावसबाबांनी सांगितली असणार, कारण काल ते माझ्याकडे दवाखान्यात बघायला आल्यासारखे बघत होते. होय, माझं सरचिटणीसपद गेलं. क्वालालंपूरला अध्यक्षांचा फोन आला तो हवापाण्याचा नव्हता. त्यांना पेडण्यात सभा हवी होती, खलाशांच्या आया व्यासपीठावर हव्या होत्या. वहिनीलासुद्धा आण म्हणाले. मी नाही म्हटलं. ऑगस्टमध्ये त्यांनी दुसऱ्या बाईला नेमलं. ती बरी आहे, काम करेल. मला वाईट वाटलं नाही असं नाही. दोन दिवस मी घरात कोणाशी बोलले नाही. पण पक्ष मी सोडलेला नाही आणि त्यांनी मला काढलेलं नाही. मला बैठकीला बोलवत नाहीत, तरी मी जाते. शेवटच्या रांगेत बसते आणि प्रश्न विचारते. काढायचं तर आधी माझ्या प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतील.

चवथीत हा विषय घरात नको.

गौरवी


हळर्ण,
१९ जानेवारी २०२५

दादा,

नंबर तू उघडलास, फोनही होतात, तरी हे लिहूनच पाठवते. काल मुरगावहून येताना गाडीत तू जे विचारलंस त्याचं उत्तर बोलून द्यायला गेले असते तर तू मध्येच गाडी थांबवून भांडला असतास.

आधी काल काय झालं ते. सगळं तुझ्यासमोरच झालं, पण तू स्वतःला बघितलं नाहीस.

वुलानबाईंचा फोन मला गेल्या आठवड्यात आला. त्यांच्या देशातले दोन खलाशी मुरगावला जहाजं ओढणाऱ्या एका टगबोटीवर अडकलेले. एजंट गायब, पासपोर्ट त्याच्या कपाटात, पोरांना बंदराच्या फाटकाबाहेर पडता येईना. "आता तुमची पाळी," वुलान म्हणाल्या. मी तुला आणि गावसबाबांना सांगितलं. पुन्हा अर्धं पान, पुन्हा दोन्ही पक्षांच्या सह्या. या वेळी आमच्याकडून नवीन सरचिटणीसबाईंनी सही केली. मी तिच्या घरी तीनदा जाऊन बसले तेव्हा केली. पण केली, आणि अध्यक्षांना न विचारता केली. मला ती आवडायला लागली आहे.

काल पासपोर्ट मिळाले. ते द्यायला आपण तिघं टगवर गेलो. तो धाकटा खलाशी, त्याला इंग्रजी धड येत नव्हतं. पासपोर्ट हातात देताच तो खालीच बसला. गावसबाब त्याला समजवायला लागले, मी समजवायला लागले, पण त्याला काही कळेना. तू खिशातून आपला मोबाइल काढलास आणि त्याच्या हातात दिलास. त्याने घरी व्हिडिओ लावला. पलीकडे त्याची आई. ती रडत काहीतरी विचारत होती, पोरगा बोलू शकत नव्हता, आणि मग त्याने मोबाइल तुझ्याकडेच वळवला.

तुला तिचं एक अक्षर कळत नव्हतं. तिला तुझं कळत नव्हतं. तू पोराच्या पाठीवर हात ठेवलास, दुसऱ्या हाताने तोंडाकडे घास नेऊन दाखवलास आणि म्हणालास, "जेवलो. जेवलो तो. आमी जेवयलो." परत परत तेच. ती बाई हात जोडून हसायला लागली, रडता रडता. दादा, एवढ्या वर्षांत तुझी इतकी भाषणं मी ऐकली. यासारखं एकही झालं नाही.

आता गाडीतलं. साखळी गावाच्या पुढे तू म्हणालास, "तुझ्या पक्षान तुका काय दिला? पद काढून घेतला. आमच्याकडे ये. बाबाजी तयार असा. म्हयन्याभरात तुका महिला आघाडी देतत." गावसबाब मागच्या सीटवर खोकले, म्हणजे खरंच तयार असावेत.

तू हे मायेने म्हणालास, मला माहीत आहे. तुला वाटलं, आता आपल्यात काही राहिलं नाही, मग पक्ष तरी वेगळे कशाला. मी काही बोलले नाही, आणि तुला वाटलं, मी विचार करतेय.

मी विचार करत नव्हते. माझं उत्तर नाही असं आहे.

खाणीचे ट्रक गावातून जाण्याबद्दल तुमच्या पक्षाचं म्हणणं मला पटत नाही. शेतांच्या पाण्याबद्दल पटत नाही. मोपाजवळच्या जमिनींबद्दल तर मुळीच नाही. माझ्या पक्षाने माझ्याशी बरं केलं नाही, ते मी त्यांच्याशी त्यांच्याच घरात भांडून घेईन. पण ज्या गोष्टींसाठी मी त्या पक्षात गेले, त्या अजून तशाच आहेत. मी तुझ्याकडे आले तर बहीण म्हणून येईन, मतांनी नाही, आणि मग अर्ज घेऊन समोरच्या पक्षाकडे जायला कोण उरेल? तुमच्याच दोघांच्या सह्या घेऊन वुलानबाईंना काय पाठवू?

म्हणून आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून धक्का नको. यंदा जिल्हा पंचायतीची निवडणूक आहे आणि गावसबाब तुलाच उभं करणार, हे सगळ्या डिचोलीला ठाऊक आहे. मी शिरगावात येऊन तुझ्याविरुद्ध प्रचार करणार आहे. घरोघर जाणार. मागच्या वेळेपेक्षा जास्त घरं घेणार, कारण या वेळी मला बाकी काम नाही. तुझ्या भाषणातली खोटी आकडेवारी भर सभेत वाचून दाखवणार. तूही माझ्याबद्दल हवं ते बोल.

आणि प्रचार संपला की बस पकडून हळर्णला परतायला मला जमणार नाही, माझे गुडघे दुखतात. मी तुझ्याच घरी राहणार. वहिनीला आत्ताच सांग, मधली खोली मोकळी करून ठेव म्हणावं. रात्री जेवायला मी असेन, आणि बांगडे असले तर तुझ्या ताटात डोक्याकडचा तुकडा येणार नाही, तो माझा.

तुझी बहीण,
गौरवी